पहिलं तेल घरच्या डोक्याला

माझी आई केसांचं तेल करायची. माझ्या डोक्यावर आज केस नाहीत. ही दोन वाक्यं लागोपाठ सांगितली की लोक हसतात. मीही हसतो, आता सवय झाली आहे. पण चोपड्याच्या आमच्या गल्लीत एके काळी कुणी ही गोष्ट हसण्यावारी नेली नसती.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं तेव्हाची ही गोष्ट. वडील एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते. कापसाच्या हंगामात ते घरी फक्त झोपायला यायचे आणि हंगाम संपला की घरात नुसते बसून असायचे. त्यांच्या डोक्यावर शेवटपर्यंत दाट केस होते, आणि आईच्या तेलाचा एक थेंबही त्यांनी कधी लावला नव्हता. त्यांना त्या तेलाचा वास सोसत नसे. पाण्याचा हात फिरवून ते भांग पाडत आणि आरशात न बघता बाहेर पडत. आई म्हणायची, या माणसाला गिऱ्हाइकांच्या नजरेस पडू देऊ नका.

आईची गिऱ्हाइकं दुपारी यायची. घरची जेवणं आटोपली, भांडी झाली, की बाया एकेक करून मागच्या अंगणात जमायच्या. गल्लीतल्या असायच्या, बाजारच्या दिवशी खेड्यांवरून आलेल्या असायच्या, आणि कापडवाल्यांच्या घरच्या मुस्लिम बायाही असायच्या. त्यांचे बुरखे आमच्या खुंटीला टांगलेले असत. आई बाईला पाटावर बसवायची, तोंड भिंतीकडे करायला लावायची आणि फणीच्या टोकानं केसांत एकेक भांग पाडत डोक्याची कातडी बघायची. केस ती नंतर बघायची. कोंडा आहे का, कातडी तेलकट आहे की कोरडी, कुठं लाल झालं आहे, बाईला झोप लागते का, पोट साफ होतं का, सगळं ती त्या भांगांवरून सांगायची. निदान बायांना तरी तसं वाटायचं. मला वाटतं, अर्धं ती भांगावरून सांगायची आणि अर्धं बाईच्या मानेवरून, कारण सासुरवाशिणीची मान कशी अवघडते हे तिला चांगलं ठाऊक होतं.

मग तेल जिरवायचं, तासभर बसू द्यायचं, रिठा-शिकेकाईच्या कोमट पाण्यानं धुवायचं आणि शेगडीवर धूप टाकून त्या धुरावर केस वाळवायचे. प्रत्येकीनं आपली फणी आपण आणायची, हा नियम होता. एकीची फणी दुसरीच्या डोक्याला लागली की आई काम थांबवायची. तालेवार घरची बाई असली तरी तिची गय नसे. कुणाच्या डोक्यात उवा निघाल्या तर ती चारचौघींत बोलायची नाही. त्या बाईला पुढच्या खेपेला बाकीच्यांच्या आधी यायला सांगायची.

आणखी एक सांगितलं पाहिजे, कारण त्यावरून आई कशी होती ते कळतं. बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी बायकांचे केस पुंजक्यानं गळतात. घाबरलेल्या पोरी आईकडे धावत यायच्या. आई त्यांना तेल द्यायची नाही. सांगायची की हे आपसूक थांबेल, तेल नेऊ नकोस, नीट जेव. मी एकदा विचारलं होतं की पोरगी स्वतःहून मागते आहे तर द्यायला काय हरकत आहे. ती म्हणाली की केस तसेही येणार आहेत, मग तेलानं आले असं तिला वाटेल, आणि ते खोटं आहे. मला तेव्हा हा शुद्ध वेडेपणा वाटला होता.

तेल मात्र ती पोटच्या पोरासारखं करायची. घाण्यावरचं तिळाचं तेल, पाण्याच्या पाटाच्या कडेला उगवणारा माका, जास्वंदीची फुलं, आवळा, कढीपत्ता, थोडी मेथी. सगळं लोखंडी कढईत मंद आचेवर अर्धा दिवस. पानं हाताला कुरकुरीत लागली की ती कापसाची वात तेलात बुडवून पेटवायची. वात तडतडली तर तेलात पाणी आहे, आणखी आच हवी. न तडतडता जळली की कढई उतरवायची. पण उतरवलं तरी ते तेल लगेच बाटल्यांत जात नसे. तिचा एक कायदा होता.

"पहिले घरना डोकाले," ती म्हणायची, "मंग गावना."

नवं तेल आधी घरातल्या डोक्याला लावायचं, एक रात्र जाऊ द्यायची, सकाळी कातडी बघायची, आणि मगच गावाला द्यायचं. घरातली डोकी तीन. वडील हाताला लागत नसत. स्वतःच्या डोक्याला लावलं तर स्वतःला दिसत नाही, असं तिचं म्हणणं. उरलो मी. कळायला लागल्यापासून कॉलेजच्या वर्षांपर्यंत प्रत्येक कढईचं पहिलं तेल माझ्या डोक्यात जिरलं आहे. कॉलेजात माझ्या शेजारी बसणारा मुलगा न बोलता खिडकी उघडायचा. मला तेलवाल्या बाईचा मुलगा म्हणून ओळखायचे. तो चिडवण्याचा प्रकार नव्हता, ती नुसती ओळख होती, आणि म्हणूनच मला ती जास्त टोचायची. मला कुणाचा तरी वेगळा मुलगा व्हायचं होतं.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी, दिवाळीच्या आधी, आईनं मोठी कढई लावली. दिवाळीचं तेल म्हणजे वर्षातलं सगळ्यात जास्त. त्याच महिन्यात शेजारच्या काकू आमची कढई घेऊन गेल्या होत्या. आमच्या गल्लीत कढया, परात, पाटा-वरवंटा ही कुणा एकाची नसतच, ती या घरातून त्या घरात फिरत असत. काकूंची मुलगी बाळंतपणाला आली होती आणि लाडवांत घालायला त्यांना गोडंबी, म्हणजे बिब्ब्याच्या आतला गर, हवी होती. बाजारात सातपुड्यातून येणाऱ्या बायांकडे सोललेली गोडंबी मिळायची, पण काकूंनी स्वस्त म्हणून आख्खे बिब्बे घेतले आणि ते फोडण्याआधी आमच्या कढईत भाजले. बिब्ब्याचं काळं तेल किती जहाल असतं हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. अंगाला लागलं की कातडी फोडांनी उतते. काकूंनी कढई राखेनं घासली, वाळूनं घासली, पुन्हा राखेनं घासली आणि चकचकीत करून आणून दिली. भाजलं काय, हे त्या बोलल्या नाहीत आणि आईनं विचारलं नाही. लोखंड तेल पिऊन ठेवतं, हे त्या दिवशी दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

रात्री तेल माझ्या डोक्याला लागलं. पहाटे डोकं पेटल्यासारखं झालं. सकाळी आईनं दिव्याखाली धरून पाहिलं तर टाळू आणि मागचा भाग फोडांनी भरला होता. फोड बिब्ब्याचे आहेत हे तिनं ओळखलं. सरळ शेजारी गेली, परत आली, ओलं खोबरं किसून माझ्या डोक्यावर थापलं, आणि मग अंगणात खड्डा खणून सगळं तेल त्यात ओतलं. वडील म्हणाले, एवढं तेल मातीत घालतेस. ती म्हणाली की गावातली चाळीस डोकी वाचली आहेत. त्या दिवशी मला तिचा राग आला होता, कारण एक्केचाळिसावं डोकं माझं होतं.

खपल्या धरल्या, पडल्या, त्यांच्याबरोबर केसही पडले. सहा महिन्यांनी मागचे आणि टाळूवरचे केस परत आले. जसे होते तसेच आले. हे मला स्पष्ट आठवतं, कारण पुढे हे मी सोयीनं विसरलो होतो.

मला धुळ्याला एका कचेरीत कारकुनाची नोकरी लागली. शनिवारी दुपारी सुटून अमळनेरवरून एसटीनं चोपडं गाठायचं आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत. धुळ्यात मला कुणी तेलवाल्या बाईचा मुलगा म्हणत नव्हतं. मी केसांना काही लावत नव्हतो, आणि माझ्या अंगाला कसलाही वास येत नव्हता, याचा मला फार आनंद होता. पंचविशी ओलांडली आणि कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केस मागे सरकायला लागले.

त्या दिवाळीला अभ्यंगाच्या पहाटे आई माझ्या डोक्याला तेल लावायला बसली. तिचा हात कपाळाशी आला आणि थांबला. मग तिनं हळूच विचारलं की बिब्बा उतला होता तो इथंच ना.

उतला होता तो टाळूवर आणि मागे. केस गेले होते ते कपाळाचे. मी म्हणालो, हो, इथंच. का म्हणालो ते मला लगेच सांगता आलं नसतं. पहाटेची झोप होती, थंडी होती, वाद नको होता. पण आज विचार केला तर एवढ्यावर भागत नाही. लग्नाच्या गोष्टी चालल्या होत्या. मुलीकडचे धुळ्याचे, शिकलेले लोक होते, आणि ते घर बघायला येणार होते. मागच्या अंगणात केस सोडून, पदर खांद्यावरून टाकून, धुरात बसलेल्या सहा-सात बाया त्यांना दिसू नयेत असं मला मनापासून वाटत होतं.

पुढच्याच महिन्यात मी धुळ्यात चामडीच्या डॉक्टरांकडे गेलो. म्हातारे, कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी डोकं उजेडात धरलं आणि वडिलांचं विचारलं. मी म्हणालो, दाट आहेत. मामा आहे का, त्यांनी विचारलं. मामा होता, आणि जन्मापासून मी त्याला टोपीतच पाहिलं होतं. टोपीखाली काय आहे, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी बिब्ब्याची गोष्टही सांगितली. डॉक्टर म्हणाले की तिथले केस तर परत आले आहेत, दिसत आहेत. हे आजोळाकडून आलं आहे, यात कुणाचा दोष नाही, औषधावर पैसे घालवू नका.

म्हणजे मी चोपड्याला जाऊन आईला एक वाक्य सांगायचं होतं. तुझ्या तेलानं झालं नाही, एवढंच. मी शनिवारी गेलो. सांगितलं नाही. पुढच्या शनिवारी सांगू म्हटलं.

संक्रांतीच्या सुमारास आईनं काम बंद केलं. गाजावाजा काही नाही. कढई माळ्यावर गेली. बाया आल्या तर ती त्यांना पाणी द्यायची, बसवायची आणि आता होत नाही म्हणून सांगायची. बाया तिच्या गुडघ्यांची चौकशी करत, आणि ती करू द्यायची. मला कळत होतं की हे गुडघ्यांमुळे नाही. आपल्या हातानं आपल्या पोराचं डोकं गेलं, अशा हातांनी दुसऱ्याच्या डोक्याला कशाला लावायचं, असं तिनं ठरवलं असणार. माझ्या मनात याबद्दल जराही शंका नव्हती. आणि तरी मी गप्प राहिलो, कारण अंगण रिकामं झालं होतं आणि मुलीकडचे येऊन घर पसंत करून गेले होते.

लग्न झालं. वर्षं जात राहिली. मी स्वतःला कारणं पुरवत राहिलो, आणि ती कारणं चांगली होती. आईचं वय झालं आहे, तिला आराम मिळतो आहे. दुकानादुकानांत शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लोंबायला लागल्या होत्या. तरण्या पोरींना तासभर तेल जिरवत बसायला वेळ नव्हता. आज ना उद्या तिचं काम आपोआप बंद पडलंच असतं. यातलं एकही खोटं नव्हतं. पण एखादी बाई दारात येऊन, आईचे हात धरून, माझ्या पोरीचं डोकं एकदा बघ ना म्हणायची, आणि आई मान हलवायची, तेव्हा मी पेपरातून डोकं वर काढत नसे. मी भित्रा होतो, याला दुसरा शब्द मला सापडलेला नाही. आई दुपारी रिकाम्या अंगणात बसून तांदूळ निवडायची. घरात लागायचे त्याहून कितीतरी जास्त तांदूळ तिनं त्या वर्षांत निवडले.

आमच्या दुसऱ्या मुलीच्या जन्मानंतर बायकोचे केस गळायला लागले. उशीवर, न्हाणीत, ताटात, सगळीकडे केस. ती धुळ्याची, शाम्पूवर वाढलेली. पण घाबरलेलं माणूस काहीही करायला तयार होतं. ती मला म्हणाली की तुमच्या आई एवढं नामी तेल करायच्या, असं गावातल्या बाया अजून सांगतात, मग घरच्या सुनेसाठी एक बाटली का करत नाहीत. मी टाळलं. तिनं दोनदा, तीनदा विचारलं आणि शेवटी स्वतःच आईला विचारायचं ठरवलं.

त्या शनिवारी आम्ही सगळे चोपड्याला गेलो. दुपारी आईनं सुनेला पाटावर बसवलं आणि फणीच्या टोकानं भांग पाडून बघितलं. सात वर्षांत मी तिला तसं बसलेलं पाहिलं नव्हतं. तिची बोटं तशीच चालत होती. मग तिनं सुनेला तेच सांगितलं जे ती पूर्वी पोरींना सांगायची, की हे आपसूक थांबेल, तेल लागत नाही, नीट जेव. बायकोला वाटलं की सासू टाळते आहे. ती उठून आत गेली. तिचा चेहरा मी पाहिला आणि मला तो सहन झाला नाही. माझ्या एका गप्प बसण्यापायी आता या दोघींत गैरसमज होणार होता.

मी आईजवळ बसलो आणि सांगून टाकलं. माझे केस बिब्ब्यानं गेले नाहीत, तिच्या तेलानं तर नाहीतच. ते मामाकडून आले, किंवा गेले, काय म्हणायचं ते. डॉक्टरांनी हे मला तेव्हाच सांगितलं होतं, संक्रांतीच्या आधी, आणि मी तिला सांगितलं नाही. ती आता हवं तर पुन्हा सुरू करू शकते, कढई मी काढून देतो. मी बरंच बोललो. आई फणीतले केस काढून बोटाला गुंडाळत होती.

"माले माहीत शे," ती म्हणाली. "मना भाऊना डोकाले मी कोनतं तेल लावं व्हतं?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. हजारो डोकी बघितलेली ही बाई, भांग पाडून झोपेचं सांगणारी, तिला फोड कुठं आले होते आणि केस कुठून गेले हे कळलं नव्हतं, असं मी सात वर्षं धरून चाललो होतो. अभ्यंगाच्या पहाटे तिनं मला विचारलं होतं ते तिला माहीत नव्हतं म्हणून नाही. मी काय उत्तर देतो ते तिला बघायचं होतं. मी विचारलं की मग बंद का केलंस.

केसांची गुंडाळी तिनं चुलीत टाकली.

"तुना हापिसमा तू त्या सायबले सांगं ना, गावनी बाई शे, तेल इकस. मी दारमाच उभी व्हती."

हे मी वर लिहिलेलं नाही. लिहिताना त्या जागेवर आलो होतो आणि पुढे निघून गेलो. त्या दिवाळीनंतर आई एकदा धुळ्याला आली होती. माझ्या कचेरीतल्या दोन बायांनी कुणाकडून तरी ऐकून तिच्याकडे निरोप धाडला होता, आणि ती पिशवीत सहा बाटल्या घेऊन थेट कचेरीच्या दाराशी उभी राहिली होती. नऊवारी, पायांवर धूळ, पिशवीला तेलाचे डाग. साहेबांनी टेबलावरून मान वर करून विचारलं, कोण आहेत त्या. आणि मी म्हणालो, आमच्या गावची बाई आहे साहेब, तेल विकते. मग बाहेर जाऊन मी तिच्या हातातली पिशवी घेतली, तिला चहा पाजला, एसटीत बसवून दिलं. ती वाटेत इकडचंतिकडचं बोलत होती. तिला ऐकू गेलं नसणार, असं मी त्या संध्याकाळी ठरवून टाकलं होतं.

"मंग मी म्हनं, जाऊ दे," आई म्हणाली. "पोऱ्याले तरास नको."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. मी तिला म्हणालो की आता तू सुरू कर, मी सगळ्यांना सांगेन, कचेरीतही सांगेन, हे माझ्या आईचं तेल आहे म्हणून. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ती थोडं हसली. मग दोन्ही हातांची बोटं तिनं माझ्यासमोर धरली. फणी धरण्यापुरती ती चालत होती, पण कढईचा कान पकडून ती उतरवणं आता त्या बोटांना जमणारं नव्हतं. सात वर्षांपूर्वी ते जमत होतं.

सोमवारी पहाटे मी धुळ्याच्या गाडीत बसलो. वाटेत मी त्या साहेबांचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. त्यांची बदली होऊन पाच वर्षं झाली होती. कितीही आठवलं तरी मला तो चेहरा आठवला नाही.